काकूंचं पाणी

३ मार्च
बोधचिन्हाचं काम माझ्या गळ्यात! शाळेत चित्रकला शिकवते ना, मग 'अस्मिता समिती'ला दुसरं कोण दिसणार? भूकंपात गाव आडवं झालं. आता या नव्या वसाहतीत 'आपण कोण' हे चिन्हातून दिसलं पाहिजे — इति अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. घरांना नंबर दिलेत, तेवढी ओळख पुरत नाही म्हणे.

आईला सांगितलं. ती खिडकीकडे बघत राहिली. भूकंपापासून एक अक्षर बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही, धीर धरा. किती धरायचा? मला तिचा आवाज ऐकायचाय, बस.

७ मार्च
बैठक. विषय — आपल्या गावाचं वैशिष्ट्य. हेडमास्तर म्हणाले, "एकोपा! आपल्याकडे कधी कुणाचं वाजलं नाही." किराणावाले उसळले — "हे मी आधी म्हणालो होतो!" मग दोघांची अशी जुंपली की चहाचं पाणी झालं. शेवटी एकोपा मंजूर. बहुमताने!

एकोपा म्हणे! आमच्या आईची आणि भिंतीपलीकडच्या शिलाईवाल्या काकूंची सकाळच भांडणाने उजाडायची. काकू अंगण धुवायच्या, पाणी आमच्या उंबऱ्याशी. आई कडाडायची, "डोळे फुटले का गं तुझे?" पलीकडून ठरलेलं उत्तर — "पाणी काय माझं ऐकून वाहतं?" मला शाळेसाठी कधी कुणाला उठवावं लागलं नाही.

८ मार्च
चिन्हात दोन हात काढले. हेडमास्तर म्हणाले, पंजे मोठे झालेत, मारामारी वाटते.

१२ मार्च
शहरातून तज्ज्ञ आले. बूट न काढता घरात शिरले आणि 'सामूहिक स्मृती'वर बोलत सुटले. आईला विचारलं, "आजी, नव्या घरात कसं वाटतं?" आई गप्प. त्यांनी लिहून घेतलं — समाधानी. असा संताप आला! मी चहा विचारणार होते, नाही विचारला.

१५ मार्च
नवा नियम. वसाहतीत मोठ्याने भांडायला बंदी, अस्मितेला बाधा येते!

दुकानात काकू भेटल्या. घरं चिठ्ठ्या टाकून दिली, त्यामुळे त्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आहेत. "बोलते का गं ती?" म्हटलं, नाही. "मला शिव्यासुद्धा नाही?" नाही. काकू पिशवी तिथेच विसरून निघाल्या. मी मागे धावत जाऊन दिली, तर म्हणाल्या, "इथली गटारं झाकलेली आहेत. पाणी कुठं जातं तेच कळत नाही." वयाचा परिणाम, दुसरं काय.

२० मार्च
बोधचिन्ह मंजूर. हात इतके बारीक केले की भीक मागितल्यासारखे दिसतात. समिती खूश. उद्या फलकाचं उद्घाटन, शिवाय एकोपा-गीत. चाल किराणावाल्यांच्या मेव्हण्याची.

२१ मार्च
उद्घाटनाला निघत होते, तेवढ्यात दारात भसकन पाणी ओतल्याचा आवाज. बघते तर काकू! हातात रिकामी बादली, पायापर्यंत भिजलेल्या, धाप लागलेली. त्या टोकापासून भरलेली बादली उचलून आणली होती, या गुडघ्यांनी!

"काकू, अहो हे काय—"

"तू मध्ये बोलू नकोस."

पाणी उंबरा ओलांडून आत आलं, आईच्या पावलांशी थांबलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. चेहरा भांडायचा.

आईने पायांकडे पाहिलं. मग दाराकडे.

"डोळे फुटले का गं तुझे?"

आवाज घोगरा, पण तिचाच! काकू म्हणाल्या, "पाणी काय माझं—" आणि पुढचं रडण्यात गेलं. मीही रडले. उद्घाटन राहिलं.

२३ मार्च
समितीची नोटीस — मोठ्याने भांडल्याबद्दल. आईने ती दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "हेडमास्तरांना सांग, तिला माझ्या शेजारचं घर द्या. एवढ्या लांबून आणते, अर्धं पाणी वाटेतच सांडतं."