वडवणीचा दवाखाना सोडताना

४ ऑक्टो.
डॉक्टर सरांनी आज पुन्हा एकीला गर्भाची पिशवी काढायला सांगितलं. कौसाबाई. माझ्याच वयाची, पस्तिशीतली. ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं, एवढंच. महिनाभरात नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायचंय. सर म्हणाले, "फडात दुखणं उपटलं तर कुठं पळशील? आत्ताच मोकळी हो." ती माझ्याकडं बघत होती. मी बीपी घेत राहिले.

६ ऑक्टो.
कौसाबाई ऑपरेशनची तारीख घ्यायला आली. सर राउंडला होते. म्हटलं, आधी अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात दाखव.
"कावून ओ सिस्टर? डॉक्टर खोटं बोलत्यात का?"
म्हटलं, अजून एकदा दाखवायला काय हरकत आहे.

१० ऑक्टो.
तिचा फोन. तिथल्या मॅडमनी गोळ्या दिल्या, ऑपरेशनची गरज न्हाई म्हणाल्या. लई खुशीत होती. मी नुसतं हं हं केलं. आता सरांच्या कानावर जाणारच. आणि उद्या दुसरी कोणी येईल, तेव्हा...

११ ऑक्टो.
राजीनामा लिहिला. कारण : घरगुती. यांना दाखवला. "घरात तर काई झालं न्हाई," एवढंच बोलले नि जेवायला बसले.
फाडला. दुसरा लिहिला. 'गरज नसताना पिशवी काढायला सांगितलेल्या बायांना धीर देणं मला जमत नाही, म्हणून नोकरी सोडत आहे.'

१३ ऑक्टो.
दिला. सरांनी वाचला, चष्मा काढून ठेवला. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. सलाईन लावायलाही त्यांनीच शिकवलं.
"कौसाबाईला तू पाठवलंस?"
"हो सर."
"मला विचारायचं तरी."
"विचारलं असतं तर पाठवू दिलं असतं?"
चष्मा पुन्हा लावला. म्हणाले, "कारण बदल. सही करतो."
"कारण हेच आहे, सर."
कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मी पेशंट कुणाकडं सोपवायचे ते सांगून निघाले.

१६ ऑक्टो.
घरीच. सारखं घड्याळाकडं लक्ष. या वेळेला ड्रेसिंग, या वेळेला इंजेक्शनं. यांनी विचारलं, "बीडला बघायची का दुसरी?" बघू म्हटलं.

१९ ऑक्टो.
दुपारी सरांचा फोन. "पायाळू आहे. बीडला न्यायला वेळ नाही. येतेस?"
गेले. दोघांनी मिळून बाळ काढलं. आधी रडेना, मग रडलं. मुलगी.
बेसिनपाशी सर म्हणाले, "कागद अजून तसाच आहे. रोज वाचतो."
"मग सही करा, सर."
हात पुसून आत गेले.
बाहेर बाळंतिणीच्या आईनं माझा हात धरला. "सिस्टर, उद्या टाके बघाया तुमीच येताल न्हवं?"
लेकीला गरम गरम खायला घाला म्हटलं.