खरवडलेली जाहिरात

रविवार, संध्याकाळ. कुंडल.

जुन्या सिगारेटच्या पाकिटातली चित्रं जमवणारे एक गृहस्थ आज पुण्याहून आले होते. आजोबांनी फौजेतून आणलेली पैलवानांची चित्रं पाहून खूश झाले. उलटवली, आणि तोंड पडलं. मागची जाहिरात ब्लेडनं खरवडलेली.

"कुणीतरी नासवलीत हो!"

कुणीतरी? माझं डोकंच फिरलं. आजोबा तालमीचे वस्ताद होते.

आईनंच सुनावलं, "आवं, मामंजींनीच खरवडलंय. पोरांनी पैलवान बघावा, शिग्रेट न्हाई!"

पाहुणे गेल्यावर चित्रांच्या त्या खरखरीत पाठीवरून कितीदा बोट फिरवलं. आजोबांच्या तालमीत विडीसुद्धा कुणी ओढली नाही. जाहिरात हरली की!

उद्या फ्रेम करायला टाकतो. खरवडलेली बाजू दर्शनी.