इराच्या सायकलचे ब्रेक

सोम., १० नोव्हें.
काल संध्याकाळी इरा कॉलनीच्या उतारावर पडली. सरळ भिंतीवर. कोपराला तीन टाके. पोर दहा वर्षांची, पण दवाखान्यात हूं की चूं नाही. डोळे पुसत होतो तो मी.
तिच्या ब्रेकची रबरं शनिवारी मीच बदलली होती. आज कामावरून आल्यावर सायकल पाहिली. पुढचं एक रबर गायब. रबर खाचेत सरकवून बसवतात, खाचेची उघडी बाजू मागे हवी. मी पुढे ठेवली! ब्रेक दाबला की चाकाबरोबर रबर बाहेर. आणि हा माणूस कंपनीत वीस वर्षं क्वालिटीला. शाब्बास.
येत्या रविवारी चौघांनी सायकलने सोमेश्वरला जायचं ठरलं होतं. आता काय ते...

मंगळ., ११
वैशालीला खरं सांगितलं. "मला काय सांगता? तिला सांगा."
सांगितलं. इरानं सगळं ऐकलं. मग, "चेक कोणी केलं होतं?"
मीच, म्हटलं.
"पण पप्पा, तुमच्या कंपनीत ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नसतं ना?"
कप्पाळ! जेवताना दहादा ऐकवलंय मीच.
"रविवारी तुम्ही तिघं जा. मी नाही येत." चिडली असती तर बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे म्हणाली.

बुध., १२
धाकट्या जुईच्या सायकलची चेन सैल, सारखी उतरते. बाल्कनीत सायकल उलटी करून बसलो. इरा थोडा वेळ दारात उभी. मग, "मी करू?"
एकदाच दाखवलं. मग तिनं मागच्या चाकाचे नट ढिले केले, चाक मागे ओढलं, चेन अंगठ्यानं दाबून पाहिली, नट आवळले. दुखरा हात जपून, जीभ दाताखाली धरून. चेन घासायला दातांचा ब्रश घेतला, तो नेमका वैशालीचा. "अगं, चालू ब्रश होता तो!" वैशाली ओरडली.
इरा मला, "आता पास तुम्ही करा." चाक सूतभर डावीकडे होतं. रिजेक्ट म्हटलं. पोरीनं तोंड वाकडं केलं नाही, पुन्हा पहिल्यापासून केलं. कंपनीत रिजेक्ट म्हटलं की मोठी माणसं दोन दिवस बोलत नाहीत.

शुक्र., १४
आज तिची सायकल. "ही तुम्ही करा. मी पास करीन."
नवी रबरं, नवी वायर. मी करताना ती आत जाऊन बसली, बघायलासुद्धा आली नाही. मग अर्धा तास तपासणी. पकडीनं रबर ओढून पाहिलं. चाक फिरव, दाब, पुन्हा फिरव. "हा नट हलतोय, पप्पा." हलत होता. लगेच आवळला. दुसऱ्यांदा पास.
काय नजर आहे कार्टीची! खरंच सांगतो, अभिमान वाटला.
"मग येशील?"
"सायकल पास झाली. मी अजून नाही."

रवि., १६, सोमेश्वर
आली! सकाळी कोणी न विचारता हेल्मेट घालून दारात उभी.
सपाटीवर झकास. नाल्याच्या पुलाआधीचा उतार आला आणि उतरली, सायकल हातात धरून चालायला लागली. जुई ओरडली, "ताई घाबरली!"
"हो, घाबरलेय. तू जा पुढे."
असं चारचौघांत म्हणायला छाती लागते. माझी चाळिशी उलटली, मला नाही जमत. मीही उतरलो, तिच्या शेजारून चालत राहिलो.
आता थालीपिठं खाऊन झालीत. वैशालीची निघायची घाई. वाट तीच, पुलाच्या या बाजूलाही उतार आहेच. इरा जवळ आली.
"पप्पा, तुम्ही पुढे जा. आणि उतारावर मागे वळून बघायचं नाही."
बरं, म्हटलं. म्हटलं खरं...