मस्टँगची सातवी फेरी

बाबा, दादाने काल तुमचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं ते त्याच्या कपाटात होतं, आणि त्याआधीही त्याच्याच गळ्यात असायचं. ट्रॅक डेला, लोक आपापल्या गाड्या रेसट्रॅकवर पळवायचे तेव्हा, तुम्ही जाळीला टेकून उभे, दादा वेळ मोजणार, मी वहीत लिहिणार. तो कॉर्व्हेट गाडीचा चाहता, म्हणून मी मस्टँगचा. खरं तर मला दोन्ही सारख्याच आवडायच्या. पण वळणावर कॉर्व्हेट रस्त्याला चिकटून गेली की तुम्ही दादाच्या पाठीवर थाप मारायचात, जणू ती तोच चालवत होता. मी त्या थापाही मोजायचो.

एका शनिवारी दोन्ही गाड्या एकामागोमाग ट्रॅकवर उतरल्या. सातव्या फेरीला दादाने ट्रॅकवरची नजर न हलवता मस्टँगची वेळ ओरडून सांगितली आणि मी दोन सेकंद कमी लिहिले. सुवाच्य अक्षरात. घरी, मिल्टन कीन्सच्या आपल्या किचनमध्ये, तुम्ही एका हाताने थालीपीठ उलटताय, दुसऱ्या हातात वही.

“अरे, ह्याच्या मस्टँगने तुला धुतलं की!”

“नो वे, बाबा! सरळ रस्त्यावर ठीक आहे, वळणावर ती बोटीसारखी डोलते.”

“तू काहीही सांगशील. ह्याची वही खोटं बोलत नाही.” आणि तव्यावरचं शेवटचं थालीपीठ तुम्ही माझ्या ताटात टाकलंत. दादा रागाने वर निघून गेला. इतकं चविष्ट मी पुन्हा काही खाल्लेलं नाही.

पुढे मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. आता त्याच ट्रॅकवर टायर बदलतो. दादा तुमच्यासारखाच डॉक्टर झाला, आणि काल स्वतःची पिवळी कॉर्व्हेट घेऊन आला. सोबत हॉस्पिटलमधला मित्र, त्याची मस्टँग. दादाच्या टायरमधली हवा मी तपासली. पुढच्या डाव्या चाकातली थोडी सोडली. मग घाबरून परत भरली, आणि चारही चाकं तीन-तीनदा तपासली. तेवढ्यात त्याने गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं. “तूच मोज. बाबा म्हणायचे ना, ह्याची वही खोटं बोलत नाही.”

त्याला ते आठवत होतं.

मी खरं मोजलं, खरं लिहिलं. हेल्मेट काखेत धरून तो आला. “कोण?”

“तू. जवळजवळ प्रत्येक फेरीत.”

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. अगदी तुमच्यासारखी, खांद्याच्या जरा खाली. “स्टॉपवॉच ठेव तुझ्याकडेच,” म्हणाला.

आज जुनी वही काढली. सातव्या फेरीचा खरा आकडा मला अजून पाठ आहे. खोडरबर घेतलं, पेन्सिलला टोक केलं. हे पत्र आता त्याच पानात ठेवून देतो आहे. आकडा मात्र तसाच आहे, बाबा. तो खोडला की ते थालीपीठ दादाच्या ताटात जाईल.