हजेरीचे दगड

१ डिसेंबर, सोमवार

पोचले एकदाची! लातूरहून पहाटेची एसटी, नांदेडला गाडी बदलली, किनवटला पुन्हा बदलली, आणि शेवटचे चौदा किलोमीटर भाजीच्या टेम्पोत, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी. अंगाला अजून वास येतोय. पण काय जागा हाय! अंगणातूनच सातडोहचं जंगल सुरू होतं. साग, धावडा, मोह, आणि मागं डोंगरांची रांग. कोचिंग क्लासच्या काउंटरवर तीन वर्षं फॉर्म वाटून जीव विटला होता माझा.

काम असं की, पर्यटकांनी ह्या जंगलात एका दिवसात काय बघायचं, कुठून चढायचं, कुठं डबा खायचा आणि किती वाजता परतायचं, ते सगळं मी आखायचं. नकाशा माझा, पाट्या माझ्या. मुक्कामाच्या ह्या निवासाचे मालक शेषेरावकाका एसटीतून रिटायर झालेत, तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. बोलतात ते सगळं वेळापत्रकातच. नंबर पडल्याशिवाय गाडी हलत नसते, हे आल्या आल्या दोनदा सांगून झालं त्यांचं.

अप्पांनी एकच अट घातलीय. महिनाअखेरपर्यंत एक तरी सहल नीट पार पडली पाहिजे, नाहीतर ह्या दामिनीनं गुपचूप घरी यायचं. निलंग्याचं स्थळ थांबलंय म्हणे. थांबू दे. पाय दुखले की बसेल खाली!

४ डिसेंबर, गुरुवार

आज पहिली फेरी. सोबत धम्मदीपदादा, इथला वाटाड्या. चाळीशीचा माणूस, कमी बोलतो, भराभरा चालतो. तीन मार्ग ठरवले. सोपा म्हणजे ओढ्याकाठी दोन तासांचा. मधला बांबूच्या बनातून. आणि अवघड, सातव्या डोहापर्यंत, जाऊन-येऊन सहा तास. वरून खालचं सगळं रान दिसतं. पोरी फोटो काढून काढून वेड्या होतील.

जंगलाच्या तोंडाशी एका जुन्या धावड्याखाली दगडांचा ढीग हाय. गावातले त्याला हजेरी म्हणतात. आत जाणाऱ्यानं ओढ्यातला एक गोटा उचलून तिथं ठेवायचा, आणि परत आल्यावर आपला आपण उचलून ओढ्यात टाकायचा. जो दगड राहिला, त्याचा माणूस आला नाही. मग त्याला कुणी हात लावत नाही. मी मोजले, एकवीस होते. दादानं स्वतःचा गोटा ठेवला आणि दुसरा माझ्यापुढं धरला. मी नाही म्हटलं. आमच्या घरी गळ्यातलं लिंग सोडून दुसऱ्या कुठल्या दगडापुढं मान झुकवत नाहीत, अप्पांची शिकवणच हाय. दादा म्हणाला, तोही कुठल्या दगडाला देव मानत नाही. हे देव नाहीतच, माणसं हायत. मी हसले. तो नाही हसला.

७ डिसेंबर, रविवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पाट्या करणारा किनवटचा पेंटर पंधरा दिवसांनी ये म्हणतो. आणि माझी पहिली सहल चौदा तारखेला ठरली पण! लातूरच्या बारा पोरी येतायत, त्यात आमची साक्षी. माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, अप्पांशी भांडून येतेय माझ्यासाठी. माझी बाजू घेणारं घरात तेवढं एकच माणूस हाय. आता ही सहल फसली तर तोंड कुठं लपवू?

मग सुचलं. ते एकवीस गोटे! चपटे, गुळगुळीत, बशीएवढे. पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकायचे, खाली बाण काढायचा आणि वाटेवर मांडायचे. एक नंबर निवासाच्या फाटकाशी, एकवीस नंबर सातव्या डोहाशी. बाण सगळे खाली, निवासाकडं, म्हणजे उतरताना कुणी चुकणार नाही. शेषेरावकाका खूश.

नागुबाईमावशी इथं स्वयंपाक करते. तिनं ऐकलं आणि हातातली पीठ मळायची काथवट खाली ठेवली. बाई, त्याला हात लावू नको गं, म्हणाली. गेलेल्याची जागा हाय ती. तिची मोठी बहीण साखराबाई मोहाची फुलं वेचायला गेली ती आलीच नाही, त्याला तीस वर्षं झाली. तिचा दगड मावशी रोज पदरानं पुसते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तीस वर्षं दगड पुसून कुणी येतं का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दादानं मदत केली नाही. मी एकटीनं तीन दिवस खपून मांडले सगळे. सगळ्यांत स्वच्छ होता त्याला एक नंबर दिला.

१० डिसेंबर, बुधवार

रंग वाळला. भर उन्हात मार्ग तपासायला निघाले. वाटेवरच्या मातीत पावलं उमटलीत. अनवाणी, बोटं फाकलेली. सगळी खाली येणारी. वर जाणारं एकही पाऊल नाही. दादाला दाखवलं तर तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. म्हणाला, ताई, रंग खरवडू या. मी म्हटलं, लाकडं आणणाऱ्या बाया असतील. तो म्हणाला, आठ दिवसांत लाकडाला कुणी गेलं न्हाई.

नसेल गेलं. मी नाही घाबरत. दगड राहणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी फाटकाशी एक पोरगी उभी होती. एक नंबरच्या दगडाशेजारी. विशीच्या आतली असेल, नऊवारी, डोक्यावर टोपली, केस ओले. गावातलीच कुणीतरी कामाला लागायला आली असं वाटलं मला. तिनं विचारलं, माझाच पयला नंबर हाय ना? मी म्हटलं, हाव. मग म्हणाली, मला कवा सोडता? मला काही समजलं नाही. पोरींना वाढायला एक हात जास्तीचा लागणारच होता, म्हणून सांगितलं, रविवारी ये, त्या दिवशी सहल हाय.

मान डोलावली आणि रानाच्या वाटेनं गेली. गाव तर दुसऱ्या बाजूला हाय.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ

आल्या! गाडीतून उतरल्या उतरल्या साक्षी गळ्यात पडली. सगळ्यांना टोप्या वाटल्या, शिट्टी गळ्यात अडकवली, बारा डोकी मोजली. धावड्याखाली दादा प्रत्येकीला एकेक गोटा द्यायला लागला, आणि पोरींना तर मजाच वाटली. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या सहलीत हे थोतांड चालणार नाही. साक्षीनं आपला गोटा घट्ट धरून ठेवला होता. ठेवू दे ना गं ताई, म्हणाली, गंमत म्हणून. मी तिच्या हातातून काढून ओढ्यात फेकला.

तोंड एवढंसं झालं तिचं. परत आल्यावर समजूत काढीन.

१४ डिसेंबर, दुपारनंतर

नीट लिहायला पाहिजे. पोलीस विचारतील.

सातव्या डोहाशी मोजल्या, बारा. उतरताना बांबूच्या बनात मोजल्या, बारा. फाटकाशी बारा. आकडा बरोबर होता, म्हणून मी निर्धास्त. पंगतीत बारा ताटं मांडली, बारा भरली. आणि मावशी भाकरी वाढता वाढता थांबली. टोपली हातातून पडली. बाराव्या ताटावर नऊवारीतली ती पोरगी बसली होती. डोक्यावर आमची टोपी, साक्षीची. मान खाली घालून ती जेवत होती, लई दिवसांची उपाशी असल्यासारखी.

मावशी तिच्यापुढं बसली आणि अक्का म्हणून गळ्यात पडून रडली. पंचेचाळिशीची बाई, एकोणीस वर्षांच्या पोरीला अक्का म्हणून.

साक्षी पंगतीत नाही. खोलीत नाही. गाडीत नाही. पोरी शपथ घेऊन सांगतात, ती शेवटपर्यंत सोबत होती. कुठली ती, म्हटलं की त्या साखराबाईकडं बोट दाखवतात आणि मग गोंधळतात.

१५ डिसेंबर, सोमवार

वनखात्याचे, पोलीस, गावातली तीस माणसं, सगळे पहाटेपासून रानात होते. काही नाही. एक चप्पल नाही. बाकीच्या पोरींना घरी पाठवलं. अप्पांचा फोन आला. ओरडतील असं वाटलं होतं. एवढंच विचारलं, साक्षी जेवली होती का?



मावशी म्हणाली, रानाची हजेरी एकवीस हाय बाई. ती कमी होऊ देत न्हाई ते. आतल्यांना वाट सापडत न्हवती म्हणून बसून होते. तू वाट दावलीस. आता एक बाहेर आली की एक ठेवून घेतं. आणि दगड ठेवला असता तर त्याला कळलं असतं की ह्या पोरीची बाहेर कुणी वाट बघतंय.

मीच फेकला. माझ्या हातानं.

१६ डिसेंबर, मंगळवार

वीस दगड परत धावड्याखाली नेले. दादा आज सोबत आला. नंबर खरवडून निघेनात, पत्रा घासला, रॉकेल लावलं— नखं रक्ताळली. एक नंबर मावशीच्या मांडीवर हाय. ती देत नाही.

मी ओढून घेणार होते. खोटं कशाला लिहू, हात घातला होता. तेवढ्यात साखराबाई माझ्या पायाशी बसली. मला परत नगा पाठवू, म्हणाली. तिथं तहान-भूक सगळी लागते पण दिवस मावळत न्हाई. कुणी हाकबी मारत न्हाई.

मी हात मागं घेतला. माझ्या चुकीची भरपाई हिनं का करायची? माझी बहीण मी आणीन.

हिशेब सोपा हाय. एक आत, एक बाहेर. मी आत गेले की साक्षी सुटेल. दादा रडकुंडीला आला. त्याच्याकडून वचन घेतलं, हा मार्ग बंद करायचा, कायमचा. अप्पांना चिठ्ठी लिहून ठेवलीय. निलंग्याच्या स्थळाला म्हणावं, आता थांबू नका.

१७ डिसेंबर, बुधवार, सकाळी दहा

धावड्याखाली बसून लिहितेय. दादानं दोन गोटे आणले होते. मी एकच ठेवला, साक्षीच्या नावाचा. दोघींची बाहेर कुणी वाट बघतंय, हे रान एका वेळी मानतं की नाही, कुणाला ठाऊक? तिचं तरी पक्कं होऊ दे.

ए रानोबा, ऐकून ठेव. पोरीला घेऊन जाणार मी. तुला काय करायचं ते कर.

१७ डिसेंबरच असावी

सापडली! सातव्या डोहाशी. बरी हाय. पण—

ते सगळे रांगेत बसलेत. दगडाच्या नंबराप्रमाणे. मी टाकलेल्या नंबराप्रमाणे! मी आत पाऊल टाकलं तेव्हा दोन नंबरचा म्हातारा माझ्या शेजारून उतरून गेला, हात जोडून. साक्षी नाही सुटली. ती शेवटची आलेली, म्हणून रांगेत शेवटी. तिच्या पुढं एकोणीस जण. तिच्या मागं मी.

खाली जाऊन बघितलं. वाट फिरून फिरून डोहाशीच येते. तीनदा. चारदा.

ऊन तसंच हाय.

—

भूक लागते. साक्षी विचारते, ताई, रागावलीस का? नाही गं बाळा. तूच रागाव माझ्यावर.

तिला घट्ट धरून बसलेय. रडणार नाही मी इथं. ह्याच्यापुढं नाही रडणार.

—

आलो तेव्हा साग वाळत चालला होता. आता नवी पानं कशी? मी तर दुपारपासून इथंच—

दिवस मोजता येत नाहीत.

—

खाली माणसं! खरी! टोप्या, पाठीवर पिशव्या. पुढं एक पोरगी, हातात वही, गळ्यात शिट्टी. मार्ग बंद करायचं वचन दिलं होतं दादानं— दादा कुठाय? धावड्यापाशी कुणीच थांबलं नाही. एकानंही दगड ठेवला नाही. हसत हसत वर येतायत.

मोजले. पुन्हा मोजले. एकवीस.

आणि आम्हीही एकवीस. रांगेतले एकोणीस हे. विसावी साक्षी. एकविसावी मी.

रांग उठून उभी राहिली. साक्षी पण. ताई, आता सुटतो आपण, म्हणते. अप्पा वाट बघत असतील म्हणते. देवा, किती आनंदली पोर—

त्यांच्यातली एक साक्षीएवढीच हाय.

नाही. नाही! असं नाही जाणार आम्ही. ओरडले, त्यांना ऐकू जात नाही. वाटेत आडवी उभी राहिलेय, सगळी रांग माझ्या अंगावर रेटून राहिली. रेटा. मी हलत नाही.

हे पान फाडून गोट्याला गुंडाळून खाली टाकतेय. जिच्या हाती पडेल तिनं— वहीवाल्या पोरी, तुला सांगते— पोरांना घे आणि परत फीर. थांबून मोजत बसू नको, आकडा बरोबरच येईल. चेहरे बघ. एकेकाला नावानं हाक मार. पळ. पुन्हा ह्या वाटेनं कुणालाच—

साक्षी, हात सोड. माझं ऐक, बस खाली, तुला माझी शपथ— साक्षी, तिकडं जाऊ न—