डुलकीआधीची मिनिटं

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००४

अपघात! मला खरचटलंसुद्धा नाही. कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून आम्ही सगळे कॅबने घरी येत होतो. मागे जागा नव्हती, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. कोथरूड डेपो आठवतो — मग एकदम किंकाळ्या, आणि रस्ताभर वर्तमानपत्रं. समोरून येणाऱ्या सायकलवरच्या पेपरवाल्याला, जयसिंगला, आमच्या कॅबने उडवलं. त्याचं ऑपरेशन चाललंय. मधलं मला काही आठवत नाही. काहीच!

बुधवार, ४

चौकीत संभाजी — आमचा ड्रायव्हर, लोणी काळभोरचा — बाकावर मान खाली घालून. इन्स्पेक्टर म्हणाले, "पुढे तुम्ही होतात. याला डुलकी लागली होती का? नीट आठवा, शनिवारी जबाब द्या." निघताना संभाजी हळूच म्हणाला, "ताई, तुमी झोपला व्हता, तेवढंच सांगा. दुसरं काय बी नगं."

गुरुवार, ५

मॅनेजर दिग्विजय सरांचा फोन. "ड्रायव्हर पेंगत होता असं लिहून दे. कंपनी सुटेल. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

दुपारी डोळा लागला आणि दिसलं — स्टिअरिंगवर संभाजीची मान कलतेय! घामाघूम उठले. ही आठवण की स्वप्न?

शुक्रवार, ६

घरमालकीण नीरजाताई मेंदूच्या डॉक्टर. त्यांना सगळं सांगितलं. "दिवसभर पाहिलेलं, शिकलेलं मेंदू गाढ झोपेत पक्कं करतो. स्वप्नांच्या झोपेत ते जुन्या गोष्टींशी जोडतो. पण डुलकी लागण्याआधीची मिनिटं बहुतेक वेळा साठतच नाहीत. साठलंच नाही ते परत कुठून येणार?"

"मग मला दिसलं ते?"

"इन्स्पेक्टरने विचारलं, साहेबाने पढवलं. झोपेने त्याचं चित्र काढलं. स्वप्नांची साक्ष अजून तरी कोर्टात चालत नाही, पूर्णिमा."

पण चित्र जात नाही. डोळे मिटायची भीती वाटतेय.

शनिवार, ७

दिला जबाब. 'मी झोपले होते. ड्रायव्हरचं मला माहीत नाही.' बाहेर दिग्विजय सर उभे. त्यांनी ओळखपत्र मागून घेतलं. अमरावतीला आईला काय सांगू? तरी हलकं वाटलं — संभाजीला निदान बुडवलं तर नाही!

सोमवार, ९

जयसिंग आज बोलला. ड्रायव्हर टक्क जागा होता म्हणे. शेजारची बाई झोपेत कलंडली — थेट त्याच्या हातांवर — आणि गाडी वळली.

संभाजी अजूनही काही बोललेला नाही.