मार्लो स्टेशनावर झुकलेली मान

चि. व्हर्जिल यास थोरल्या भावाचे आशीर्वाद,

आपल्या मार्लो गावाला भेट दिलेल्या राष्ट्राध्यक्षांची संख्या मंगळवारी पाचावरून चारवर आली. ग्रंथपाल मिस प्रूइट यांनी त्याला दुजोरा दिला, तोही दोनदा चष्मा पुसून. बाकी इकडे क्षेम आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या लेटीने पाठवलेलं लोणचं पोचलं (बरणी फुटली होती, वास शाबूत होता).

झालं असं, की राष्ट्राध्यक्षांच्या खास रेल्वेडब्यात काम केलेल्या एका सेवकाची जुनी वही त्याच्या नातीने ग्रंथालयाला दिली. तीत आपल्याविषयी एकच ओळ निघाली: जेवणानंतर साहेबांना झोप लागली, मार्लोला गाडी थांबताना मान पुढे झुकली, म्हणून उशी दिली. म्हणजे त्या दिवशी फलाटावर उभ्या आपल्या हेस्टरताईपुढे मान लववली ती राष्ट्राध्यक्षांनी नव्हे, ब्रेकने. पन्नास वर्षं चार जुलैच्या मिरवणुकीत ताई 'राष्ट्राध्यक्षांनी जिला मान दिला ती मुलगी' म्हणून सगळ्यांत पुढे चालते आहे (मुलगी आता बासष्टची आहे). मिरवणुकीच्या समितीने ठरवलं, तर न्यायालयाच्या भिंतीवरच्या भेटींच्या दगडी पाटीवरून ती भेट जाईल आणि ताई बघ्यांत उभी राहील.

मला तो दिवस अजून पाण्याखालचा असावा तसा दिसतो. मक्याचा गोडसर वास, उन्हात लवलवणारे रूळ. गाडी इतकी सावकाश आली, की ती येते आहे की स्टेशनच तिच्याकडे निघालं आहे, कळेना. काचेमागे मोठा, शांत चेहरा. मग ती मान झुकली. गाडी गेल्यावरही कुणी जागचं हललं नाही. धूर तेवढा झाडांत रेंगाळत राहिला.

काल समितीचा एल्मर स्ट्राउड टोपी हातात धरून ओसरीवर आला. म्हणाला, "हेस्टरबाई, झोपलेल्या माणसाने भेट दिली असं कसं म्हणायचं?"

ताई वाटाणे सोलत होती. "एल्मर, तू तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर घोरतोस. ते हजेरीत धरायचं का, पाद्रीबाबांना विचारू?"

सरबत न घेताच गेला. तेव्हापासून समितीत तीन इकडे, तीन तिकडे.

तुझा,
क्लेमेंट

ता. क. खरं काम असं: तू त्या दिवशी पाण्याच्या पिंपावर चढला होतास, अगदी खिडकीच्या बरोबरीने. साहेबांचे डोळे उघडे होते, एवढंच समितीला लिहून कळव. (निदान एक.)

पुन्हा ता. क. काही लिहू नकोस. आत्ता ताईला हे वाचून दाखवलं, तर म्हणते, "मिटलेले डोळे मला तेव्हाच दिसले होते रे. म्हणून तर बँडवाल्यांना हाताने गप्प केलं. बाकीच्या गावांत भाषणं केली त्यांनी. विसावले ते आपल्याकडे." मिरवणुकीचं काय व्हायचं ते होवो, शनिवारच्या सभेत ती हेच सांगणार आहे. मिस प्रूइटच्या अंदाजाने सहापैकी निदान पाच मतं ताईच्या बाजूने पडतील, आणि भेट पुसायला बोलावलेल्या पाथरवटाला तिच्याखाली एक ओळ वाढवावी लागेल: 'इथे त्यांना झोप लागली.'